घरगुती विचार : दाराशीं पुन्हां पुन्हां हटकणारा पहारेकरी

सुशिक्षित घरांतून अलीकडे जी एक लहानशी पण नित्याची कुरकुर ऐकूं येते, ती पासवर्डाविषयींची होय. विजेचें बिल भरावयाचें असो, नातवाच्या शाळेची सूचना वाचावयाची असो, आगगाडीचें तिकीट काढावयाचें असो किंवा परदेशीं असलेल्या मुलाचें पत्र उघडावयाचें असो. काम सुरू होण्यापूर्वींच पडद्यावर एक चौकट उभी राहते. ती नांव विचारते, पासवर्ड विचारते, आणि एवढ्यानेंहि समाधान न झाल्यास मोबाइलवर आलेले सहा आंकडे मागते. काल सांगितलें, परवां सांगितलें, तरी आज प्रश्न आहेच. घरांतील तरुण मंडळी ‘असेंच असतें’ म्हणून मोकळी होतात आणि वडील माणसें ‘हें यंत्र आम्हांला ओळखतच नाहीं’ म्हणून चष्मा काढून ठेवितात. या गोष्टीचा शांतपणें विचार व्हावा म्हणून हा महिना आम्ही याच विषयास दिला आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, हटकणारा पहारेकरी हा कांहीं नवा प्राणी नव्हे. किल्ल्याच्या दाराशीं रात्रीं परवलीचा शब्द विचारण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे, आणि पासवर्डाला मराठींत तोच शब्द पुष्कळांनीं योजिला आहे. संगणकांत हा शब्द आला तो १९६१ च्या सुमारास, अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत. एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांनीं पाळीपाळीनें काम करावें अशी योजना फर्नांडो कॉर्बाटो यांनीं तेथें सिद्ध केली, आणि प्रत्येकाचे कागद निराळे राहावेत म्हणून प्रत्येकास एक शब्द दिला. कुलूप आलें कीं चोरकिल्ली येतेच. १९६२ मध्यें तेथील ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्यानें यंत्रावरचा आपला वेळ वाढवून घेण्यासाठीं पासवर्डांची सबंध यादीच छापून घेतली! तात्पर्य, ही कटकट आणि तिच्यावरील युक्ति, दोन्ही जुळ्या बहिणी आहेत.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. आपण एकदां ओळख दिल्यावर यंत्र ती विसरतें कां? याचें उत्तर असें कीं, इंटरनेटवरील पानें देण्याघेण्याची जी मूळ रीत आहे, तिला स्मरणशक्तीच दिलेली नाहीं. आपण एक पान मागतों, पलीकडचा संगणक तें देतो आणि आपल्याला विसरतो. दुसरें पान मागतांच आपण त्याला पुन्हां परके. ही अडचण १९९४ मध्यें नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं दूर केली. त्यांनीं युक्ति काढली ती अशी : पहिल्या भेटींत त्या स्थळानें आपल्या ब्राउझरजवळ एक लहानशी खूण ठेवावयास द्यावी, आणि पुढील प्रत्येक भेटींत ब्राउझरनें ती खूण दाखवावी. या खुणेला ‘कुकी’ असें नांव पडलें.

संस्कृताचा ज्यांना संस्कार आहे अशा वाचकांस ही गोष्ट परकी वाटूं नये. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकाचें सबंध कथानक अशाच एका खुणेभोंवतीं फिरतें. दुर्वासाच्या शापामुळें दुष्यंत शकुंतलेला विसरला. आणि जी मुद्रिका दाखवितांच त्याला स्मृति यावयाची, ती शचीतीर्थाच्या पाण्यांत गळून पडली होती. इंटरनेटवरील प्रत्येक स्थळ हा असा विसराळू राजा आहे. त्याला विस्मृति उपजतच आहे. आपल्या ब्राउझरच्या बोटांत अंगठी असेल तोंवर तो आदरानें आंत घेतो. अंगठी हरवली कीं ‘आपण कोण?’ हा प्रश्न ठेवलेलाच. म्हणून वारंवार पासवर्ड विचारला जात असेल, तर यंत्रावर न रागावतां एवढेंच शोधावें कीं, आपली अंगठी रोज कोण पाण्यांत टाकीत आहे.

बहुधा ती टाकणारे घरांतच सांपडतात. पहिला म्हणजे ब्राउझरच्या सेटिंग्जमधील एक लहानसा पर्याय. खिडकी बंद करतांना सर्व कुकीज पुसून टाकाव्यात अशी आज्ञा कोणी तरी एकदां देऊन ठेविलेली असते, आणि मग ती रोज निमूटपणें पाळली जाते. क्रोम ब्राउझरमध्यें ‘सेटिंग्ज’ उघडून ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यांत ‘साइट सेटिंग्ज’, आणि तेथें शेवटीं ‘ॲडिशनल कंटेंट सेटिंग्ज’ या क्रमानें गेल्यास ‘ऑन-डिव्हाइस साइट डेटा’ हें सदर लागतें. खिडक्या बंद होतांच डेटा काढून टाकण्याचा पर्याय तेथें निवडलेला असल्यास तो बदलावा. फायरफॉक्समध्यें ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या पानावर, ब्राउझर बंद होतांना कुकीज काढून टाकाव्या अशा अर्थाची ओळ असते. तिच्यापुढील खूण काढावी. रोगाचें मूळ पुष्कळ घरांत येथेंच सांपडेल.

दुसरा म्हणजे ‘इन्कॉग्निटो’ किंवा खाजगी खिडकी. काळ्या रंगाची ही खिडकी कित्येकांस नेहमींची वाटूं लागते. परंतु सर्व खाजगी खिडक्या मिटतांच कुकीज विसरून जाणें हाच तिचा धर्म आहे. तींत बसून ‘मला ओळखीत नाहींत’ अशी तक्रार करणें म्हणजे मुखवटा घालून ‘मला कोणी नमस्कार करीत नाहीं’ म्हणण्यासारखें आहे. तिसरा म्हणजे संगणक ‘स्वच्छ’ ठेवणारे प्रोग्रॅम. केर काढतां काढतां ते कुकीजहि बाहेर टाकतात. त्यांच्या यादींतून कुकीजपुढील खूण काढावी, म्हणजे केर तेवढा जाईल आणि अंगठी राहील.

चौथें कारण कोणाच्या सहसा लक्षांत येत नाहीं. तें म्हणजे संगणकाचें घड्याळ. जुन्या संगणकांत आंतील नाण्याएवढा सेल संपला म्हणजे वीज जातांच तारीख कांहीं वर्षें मागें जाते. सुरक्षित जोडणीचें प्रमाणपत्र आणि कुकीची मुदत हीं दोन्ही तारखेवर अवलंबून असल्यामुळें सर्वच हिशेब चुकतो. जेथें दर तीस सेकंदांनीं बदलणारे सहा आंकडे मोबाइलमधील ॲपवरून घ्यावे लागतात, तेथें तर मोबाइलचें घड्याळ थोडें चुकलें तरी खरा आंकडा खोटा ठरतो. तारीख व वेळ ‘आपोआप’ ठेवण्याचा पर्याय चालू करावा. सेल संपला असेल तर तो बदलून घ्यावा.

याशिवाय लॉगिन करतेवेळीं पासवर्डाखालीं ‘रिमेंबर मी’ किंवा ‘कीप मी साइन्ड इन’ असा चौकोन पुष्कळ ठिकाणीं असतो. त्यांत खूण केली नाहीं तर मिळणारी अंगठी ब्राउझर उघडा आहे तेवढ्यापुरतीच टिकते. खूण केली तर मुदतीची मिळते. ही मुदतहि अमर्याद नसते. क्रोमनें २०२२ पासून कोणत्याहि कुकीस ४०० दिवसांची कमाल मर्यादा घातली आहे. मात्र आपण ज्या स्थळास नित्य जातों तें प्रत्येक भेटींत मुदत वाढवून देऊं शकतें. म्हणून वर्षांतून एकदां जेथें जावयाचें, तेथें पासवर्ड द्यावा लागला तर त्यांत नवल मानूं नये.

आणखी तीन चौकटी आहेत, त्यांची या पहिलीशीं गल्लत होते. एक ‘हा पासवर्ड जतन करूं काय?’ असें विचारते. ही पहारेकऱ्याची नव्हे, ब्राउझरची आहे. नको असल्यास त्या स्थळापुरतें ‘नेव्हर’ म्हणावें, किंवा पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्यें विचारणेंच बंद करावें. उलट, पूर्वीं कधीं ‘नेव्हर’ म्हटल्यामुळें आतां तो जतन करीतच नसेल, तर नाकारलेल्या स्थळांची यादी तेथेंच असते. तींतून तें नांव काढावें. दुसरी चौकट पानाच्या कोपऱ्यांत येऊन ‘गूगलच्या खात्यानें आंत या’ असा आग्रह करते. तिचेंहि निवारण क्रोमच्या ‘साइट सेटिंग्ज’मध्यें ‘थर्ड-पार्टी साइन-इन’ या सदरांत आहे. तिसरी चौकट फायरफॉक्सची. त्यांत ‘प्रायमरी पासवर्ड’ ठेविला असेल, तर ब्राउझर नव्यानें उघडल्यावर साठविलेल्या पासवर्डांची गरज पडतांच तो विचारला जातो. हा तिजोरीचा मुख्य पासवर्ड आहे. संगणक अनेकांच्या हाताळण्यांतला असेल तर तो राहूं द्यावा.

येथवर प्रश्न कसे थांबवावेत तें सांगितलें. आतां कोणते प्रश्न थांबवूं नयेत तें सांगणें अवश्य आहे. बँकेचें पान थोडा वेळ स्वस्थ बसलें कीं आपणांस बाहेर काढतें आणि पुन्हां आंत जातांना सर्व कांहीं नव्यानें विचारतें. हा दोष नव्हे, हें पथ्य आहे. रिझर्व्ह बँकेनें १ ऑगस्ट २००९ पासून कार्डावरील ऑनलाइन व्यवहारांस आणखी एका पुराव्याची जोड सक्तीची केली, ती उगीच नव्हे. देवघराचें दार दिवसभर उघडें असलें तरी चालतें, तिजोरीचें चालत नाहीं. जेथें पैसा, निवृत्तिवेतन किंवा आधारचा संबंध आहे, तेथें पहारेकरी दहा वेळां विचारो, आपण दहा वेळां उत्तर द्यावें. बातम्या, ग्रंथालय, शाळेच्या सूचना अशा ठिकाणीं मात्र अंगठी जपून ठेवावी. हा विवेक केला कीं अर्धी कटकट जाते आणि उरलेली अर्धी उपकारक वाटूं लागते.

या विवेकावर एवढा भर देण्याचें कारण आमच्या परिचयाच्या एका घरीं घडलेली हकीकत. त्या घरांतील सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या. यजमानांच्या पश्चात् मिळणारें कुटुंबनिवृत्तिवेतन हाच त्यांच्या स्वाभिमानाचा आधार. नातीच्या वाढदिवसाला स्वतःच्या पैशांनीं कांहीं आणावयाचें, यांत त्यांना फार समाधान. मुलानें त्यांना मोबाइल शिकविला तो एका सूत्रानें : ‘आई, तें जें विचारील तें भरीत जा, म्हणजे पुढें जातें.’ दोन वर्षें त्या तसेंच करीत आल्या. एके दिवशीं ‘आपलें खातें आज बंद होत आहे’ असा निरोप आला. त्याखालच्या दुव्यावर बोट ठेवतांच बँकेचें पान उघडलें. रंग तोच, चिन्ह तेंच, चौकट तीच. तिनें नांव विचारलें, त्यांनीं भरलें. पासवर्ड विचारला, भरला. सहा आंकडे विचारले, तेहि भरले. निवृत्तिवेतनाची सांठलेली रक्कम कांहीं मिनिटांत निघून गेली. सुदैवानें सून घरीं होती. तिनें लागलीच १९३० या सरकारी मदतक्रमांकावर कळविलें, म्हणून रकमेचा कांहीं भाग वाटेंतच अडविला गेला आणि पुढें परत मिळाला. सायंकाळीं घरांत दोषारोप सुरू झाले. त्या वेळीं सूनबाई एवढेंच म्हणाली, ‘दोन वर्षें आपणच त्यांना शिकविलें कीं, विचारलें कीं सांगायचें. त्यांनीं तेंच केलें.’ त्यावर कोणी बोललें नाहीं.

आमच्या मतें त्या सुनेनें या विषयाचें मर्म सांगितलें. वारंवार विचारण्याचा खरा तोटा वेळेचा नव्हे, तो सावधगिरीचा आहे. ज्याला दिवसांतून दहा वेळां हटकलें जातें, तो हटकणाऱ्याचें तोंड पाहीनासा होतो. मग खऱ्या पहारेकऱ्याच्या वेषांत चोर उभा राहिला तरी परवलीचा शब्द जिभेवर तयारच असतो. म्हणून निरर्थक प्रश्न बंद करणें ही केवळ सोय नव्हे, तें रक्षण आहे. प्रश्न क्वचित् येऊं लागला म्हणजे मनुष्य थांबून ‘कोण विचारतो?’ असें पाहूं लागतो.

या कामीं ब्राउझरचा एक गुण फार उपयोगी आहे. मनुष्य पान ओळखतो तें रूपावरून. ब्राउझर ओळखतो तें पत्त्यावरून. आपण एखाद्या स्थळाचा पासवर्ड त्याच्याजवळ जतन केला असेल, तर त्याच पत्त्याच्या पानावर तो आपण होऊन पुढें करतो. हुबेहुब तसेंच रंगविलेलें, पण एका अक्षरानें निराळ्या पत्त्याचें पान समोर आलें, तर तो मूग गिळून बसतो. तेव्हां जो पासवर्ड नेहमीं आपोआप भरला जातो, तो एखाद्या दिवशीं भरला गेला नाहीं, तर रागानें स्वतः टंकूं नये. हात आवरावा आणि पत्ता अक्षर अक्षर लावून वाचावा. बँकेच्या बाबतींत याहून सोपा नियम असा कीं, निरोपांतील दुव्यानें बँकेंत कधींच जाऊं नये. बँकेच्या स्वतःच्या ॲपमधून किंवा आपण जपून ठेविलेल्या पत्त्यानेंच जावें.

एकत्र कुटुंबांत आणखी एक प्रश्न येतो. दिवाणखान्यांतला संगणक एक आणि हात सात. सर्वांच्या अंगठ्या एकाच बोटांत घातल्या तर कोणाची कोणती तें कळणार कसें? आजोबांनीं लॉगिन केलें कीं नातू बाहेर, नातवानें केलें कीं काकू बाहेर. आणि कोणी बाहेर पडावयाचें विसरलें तर थोरल्या सुनेस तिच्या माहेरचें आलेलें पत्र पडद्यावर सर्वांसमोर उघडें. घरांत प्रेम असलें तरी प्रत्येकाच्या पेटीला झांकण असावें, ही मर्यादा आपल्या वाडवडिलांनींहि पाळली होती. यासाठीं ब्राउझरमध्यें प्रत्येकाचें निराळें ‘प्रोफाइल’ करितां येतें, म्हणजे कुकीज आणि पासवर्ड निरनिराळे राहतात. मात्र प्रोफाइलला कुलूप नसतें. कोणीहि तें उघडूं शकतो. खरी खाजगी जागा हवी असल्यास संगणकावरच प्रत्येकाच्या नांवाचें स्वतंत्र खातें उघडून त्यास त्याचा स्वतःचा पासवर्ड द्यावा. काम पाव तासाचें आहे. त्यानें वाचणारा मनस्ताप मोठा आहे.

वडील मंडळींस पासवर्ड लक्षांत राहत नाहींत, याबद्दल त्यांना हंसूं नये. ते वहींत लिहून ती वही कपाटांत कुलुपांत ठेवणें, हें पडद्याला चिठ्ठी चिकटविण्यापेक्षां किंवा सर्वत्र एकच शब्द वापरण्यापेक्षां पुष्कळ बरें. दर तीन महिन्यांनीं पासवर्ड बदलावा, त्यांत चिन्हें व आंकडे घुसडावेत, हा उपदेश अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी मानक संस्थेच्या मार्गदर्शनानें रूढ झाला. त्याच संस्थेनें २०१७ मध्यें तो मागें घेतला. कारणाशिवाय बदल करावयास लावलें म्हणजे लोक जुन्याच शब्दापुढें एक आंकडा वाढवितात, हें अनुभवास आलें. लांब, आपल्याला आठवणारा, परंतु नांवगांव किंवा जन्मतारीख यांवरून दुसऱ्यास न सुचणारा शब्दसमूह हा उत्तम. सर्वांत अधिक जपावा तो ईमेलचा पासवर्ड; कारण इतर खात्यांचे हरवलेले पासवर्ड बहुधा त्याच दारानें नव्यानें मिळतात.

या सर्व खटाटोपाचा शेवट करणारी एक नवी रीतहि आतां रुळत आहे. तिला ‘पासकी’ म्हणतात. तिचा पाया असलेलें मानक मार्च २०१९ मध्यें मान्य झालें, आणि मे २०२२ मध्यें ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांनीं तिचा पुरस्कार केला. हिच्यांत परवलीचा शब्दच नाहीं. किल्लीची एक जोडी तयार होते. एक भाग त्या स्थळाजवळ राहतो आणि दुसरा, गुप्त भाग, आपल्या मोबाइलजवळ. आंत जातांना आपण मोबाइलला बोट किंवा चेहरा दाखवावयाचा, कीं तो त्या गुप्त किल्लीनें आपली साक्ष देतो. किल्ली पत्त्याशीं बांधलेली असल्यामुळें खोट्या पानास ती लागतच नाहीं, आणि जें आपल्याला ठाऊकच नाहीं तें आपल्याकडून कोणी काढून घेऊंहि शकत नाहीं. ज्या खात्यांत ही सोय दिसेल, तेथें घरांतील तरुणांनीं ती वडिलांस प्रथम करून द्यावी. कारण तिची गरज वडिलांस अधिक आहे.

शेवटीं कर्त्या मंडळींस एक विनंति. येत्या रविवारीं जेवणानंतर अर्धा तास काढावा, आणि घरांतील आजी-आजोबांच्या शेजारीं बसून त्यांच्या मोबाइलवर कोणता प्रश्न किती वेळां येतो तें पाहावें. जे प्रश्न निरर्थक आहेत ते वर सांगितलेल्या रीतीनें बंद करावेत. जे राहतील ते कोणाचे आहेत आणि कां आहेत, हें त्यांना सावकाश समजावून द्यावें. १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ ठेवावा. आणि ‘विचारील तें भरीत जा’ या सूत्राऐवजीं ‘कोण विचारतो तें आधीं पहा, आणि शंका आल्यास आम्हांला हाक मारा’ हें सूत्र शिकवावें. मात्र हाक आली म्हणजे कपाळाला आंठी न घालतां उठावें. एकदां जरी आंठी दिसली, तर पुढची हाक येणार नाहीं.